मे महिन्यात मुलांना घेऊन माउंटन बाइक: फोंड्यापासून जवळ कुठे जावे आणि किती वाजेपर्यंत?

फोंड्याची सायकलवाली

नमस्कार.

येत्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझा थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले पुण्याहून आमच्याकडे फोंड्याला येणार आहेत. भाचा 12 वर्षांचा, भाची 8 वर्षांची आणि माझा मुलगा 10 वर्षांचा, अशी तीन मुले घरात असतील. दादा पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर नेमाने माउंटन बाइक चालवतो आणि त्याने येण्याआधीच फर्मान काढले आहे की, या वेळी समुद्रकिनारा नको, सत्तरी तालुक्याच्या रानात मुलांना घेऊन दिवसभर सायकलींवर भटकायचे. मी स्वतःही माउंटन बाइकच चालवते. बोंडल्याकडे चढणारा रस्ता किंवा सावईवेऱ्याच्या कुळागरांतील (पोफळींच्या बागांतील) वाटा माझ्या नेहमीच्या आहेत. परंतु मोठ्या माणसाने एकट्याने पहाटे घाम गाळून साडेसातपर्यंत घरी परतणे वेगळे आणि तीन मुलांची मोट बांधून मे महिन्यात बाहेर पडणे वेगळे, एवढे मला कळते.

आणखी एक गोष्ट आहे. आमची आई पंचाहत्तरीची आहे. तिला घरी एकटी ठेवून सगळ्यांनी निघून जाणे मला पटत नाही. "तुम्ही सायकली हाका, मी जवळच्या देवळात बसते," असे तिने सांगून टाकले आहे. माझे यजमान सायकल चालवत नाहीत, मात्र आईला, जेवणाच्या डब्यांना आणि पाण्याच्या कॅनला गाडीत घालून आमच्या मागेपुढे राहण्याची त्यांची तयारी आहे. म्हणजे सायकलींची वाट आणि गाडीची वाट मधूनमधून एकमेकींना भेटतील अशी जागा हवी.

तेव्हा जाणकारांना माझे विचारणे असे की, आठ वर्षांच्या मुलीला झेपेल, भावालाही अगदीच सपक वाटणार नाही आणि आईलाही बसायला सावली मिळेल, असा भाग फोंड्यापासून गाडीने तासाभराच्या आत कोणता आहे? मुलांना उन्हात किती वेळ ठेवणे योग्य? आणि सत्तरीचा हट्ट पुरवण्यासारखा आहे की मोडून काढण्यासारखा?

खाजनकाठ

ताई, तुमच्या सगळ्या अटी वाचल्यावर मला दिवाडी बेटाखेरीज दुसरे नाव सुचत नाही. मी त्याच बाजूचा असल्यामुळे हा पक्षपात समजलात तरी चालेल.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीपुढे धक्का आहे, तेथून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की तुम्ही बेटावर उतरता. गाडीही त्याच बोटीतून येते, त्यामुळे तुमचे यजमान आणि आई पहिल्यापासून सोबत राहतील. बेटाला अजून पूल नाही आणि त्यामुळेच तेथील रस्त्यांवर वाहने तुरळक आहेत. मुलांसोबत सायकल चालवणाऱ्याला याहून मोठी सोय कोणती? धक्क्यापासून गावापर्यंतचा रस्ता सपाट आहे आणि दोन्ही बाजूंना खाजनाची (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीची) शेते पसरलेली आहेत. पुढे पियेदादच्या चर्चची टेकडी लागते. चढ छोटा आहे पण खडा आहे, तेव्हा तुमच्या दादांना तो एका दमात चढून दाखवण्याचे समाधान मिळेल. मुलांनी सायकली ढकलत वर जावे. वरून मांडवीचे पात्र आणि पलीकडची जुन्या गोव्याची चर्चे दिसतात.

माउंटन बाइकची खरी गरज लागते ती खाजनाच्या बांधांवर. ज्यांनी हे जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून सखल जमीन राखण्यासाठी आपल्या पूर्वजांनी माती, चिकण आणि दगड यांचे बांध घातले आणि पाण्याची ये-जा सांभाळण्यासाठी त्यांत मानशी, म्हणजे पाण्याची दारे असलेल्या मोऱ्या, बसवल्या. भरती आली की मानशीची दारे पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. हे बांध कुठे रुंद तर कुठे पाऊलवाटेएवढे आहेत, कुठे खचलेले आहेत आणि कुठे नुकतीच माती टाकून भरलेले आहेत. साध्या सायकलचे अरुंद टायर तेथे रुततात, जाड टायरची सायकल मात्र मजेत जाते. चढ मुळीच नाही, पण लक्ष सतत पुढच्या दहा फुटांवर ठेवावे लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला तोल आणि ब्रेक शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. भाचीला मात्र रुंद बांधावरच चालवू द्या आणि जेथे दोन्ही बाजूंना पाणी आहे तेथे सायकल हातात धरून चालायला लावा.

तीन गोष्टी पाळाव्यात. मानशीच्या दारांना किंवा तेथे लावलेल्या जाळ्यांना मुलांनी हात लावू नये, कारण मानशीवरील मासळीचा हक्क लिलावाने दिलेला असतो आणि त्यावर कोणाचे तरी पोट चालते. पाण्यात पाय सोडून बसू नये. कुंभारजुव्याच्या कालव्यात आणि आसपासच्या खारफुटीत मगरी आहेत, ही गोष्ट पर्यटकांना सांगण्यासाठी रचलेली नाही. आणि तिसरे म्हणजे बांधावर एकही झाड नाही, त्यामुळे साडेआठच्या आत बांध सोडून गावातल्या माडांखाली यायलाच हवे.

आता आईंविषयी. बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याची फेरीबोट आहे. ती ओलांडली की डिचोली तालुका लागतो आणि थोड्याच अंतरावर श्री सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजांचे हे कुलदैवत मुळात दिवाडीवरच होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या राजवटीत ते देऊळ मोडले गेले आणि देव नदीपलीकडे नार्व्याला आला. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. म्हणजे मुले ज्या बेटावरून सायकल चालवत येतील त्याच बेटावरून देवही नदी ओलांडून आलेला आहे, हे त्यांना फेरीबोटीत सांगितले तर इतिहासाच्या पुस्तकापेक्षा जास्त लक्षात राहील. आजूबाजूला गर्द झाडी आहे आणि सकाळी तेथे फारशी गर्दी नसते. गाडी आईंना घेऊन पुढे जाईल, तुम्ही मागून सायकलींवर पोहोचाल. बेट आडवे ओलांडायला मुलांच्या गतीने, थांबत थांबत, तास-सव्वा तास धरावा.

वाळपईचा वाटाड्या

सत्तरीचे नाव निघाले म्हणून लिहितो. दादांची हौस मला समजते, कारण मी याच रानाच्या कडेला वाढलो. पण मुलांना घेऊन मे महिन्यात "रानात दिवसभर" हे मला मान्य नाही, आणि त्याला उन्हाखेरीज इतर कारणे आहेत.

पहिले कारण कायद्याचे. सत्तरीतील ज्या जंगलाचे आकर्षण बाहेरच्यांना असते त्यातला मोठा भाग म्हादई अभयारण्यात मोडतो. 1999 मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे 208 चौरस किलोमीटरचे आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात शिरायला वन खात्याची परवानगी लागते, आणि नकाशावर एखादी वाट दिसते म्हणून ती सायकलसाठी खुली आहे असे होत नाही. मार्च 2023 मध्ये येथील डोंगरांना लागलेल्या आगी अनेक दिवस धुमसत होत्या, त्या सगळ्यांनी वर्तमानपत्रांत पाहिल्या असतील. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात अनोळखी माणसे हिंडताना दिसली की गावकरी आणि वनरक्षक दोघेही हटकतात, आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

दुसरे कारण माकडतापाचे. 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात हा आजार प्रथम ओळखला गेला आणि 2015 पासून सत्तरीच्या काही गावांत त्याचे रुग्ण आढळत आले आहेत. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचा मोसम नेमका कोरड्या महिन्यांचा, म्हणजे साधारण डिसेंबरपासून मेअखेरपर्यंतचा आहे. गोचिडी पालापाचोळ्यात असतात. माउंटन बाइकवाला नेमके काय करतो? अरुंद पायवाटेने पाचोळा उडवत जातो, झुडपांना पोटऱ्या घासतो आणि दमला की झाडाखाली त्याच पाचोळ्यावर बसतो. मोठ्या माणसाने सगळी काळजी घेऊन काय करायचे ते करावे. मुलांना त्यात ओढू नये. कुठेही रानाच्या कडेने जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, विजार मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर मुलांच्या काखा, जांघा, कानामागची जागा नीट तपासून आंघोळ घाला. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. परतल्यावर आठवडाभरात अचानक ताप, जबर डोकेदुखी आणि अंगदुखी झाली तर पुण्याच्या डॉक्टरांना "सत्तरीला गेलो होतो" हे आवर्जून सांगावे, कारण त्यांच्या ते मनातही येणार नाही.

तिसरे, पहाटेच्या अंधुक उजेडात रस्त्याच्या वळणावर गवा उभा असू शकतो. सायकलचा आवाज होत नाही, त्यामुळे तो आणि आपण एकाच वेळी दचकतो.

एवढे सांगूनही सत्तरी दाखवायचीच असेल तर वाळपईहून ब्रह्मकरमळीचा डांबरी रस्ता घ्या. अंतर साधारण 7 किलोमीटर आहे, रस्ता गावांमधून जातो आणि पायवाटेत शिरावे लागत नाही. तेथे ब्रह्मदेवाचे देऊळ आहे. ब्रह्मदेवाची देवळे देशातच मोजकी, त्यांतले एक आपल्या तालुक्यात आहे, आणि आतली मूर्ती कदंबकालीन आहे. आईंना ते नक्की आवडेल. वाटेत काजूच्या बागायती लागतील. मेच्या सुरुवातीला मोसमाचे शेवटचे बोंडू (काजूची फळे) अजून मिळतात, आणि एखाद्या भट्टीवर विनंती केली तर कोळंबीत (बोंडू तुडवायच्या कुंडात) बोंडू तुडवून रस कसा काढतात ते मुलांना पाहता येईल. ताजा नीरो, म्हणजे न आंबलेला बोंडूचा रस, मुलांना द्यायला हरकत नाही. मोठ्यांनी हुर्राकाची (काजूच्या दारूची) चौकशी सायकल गाडीवर चढवल्यानंतर करावी. बागायती खाजगी असतात, तेव्हा विचारल्याशिवाय आत शिरू नये आणि बोंडूही तोडू नये.

नदीत उतरायचे झाल्यास गावकरी स्वतः जेथे न्हायला उतरतात तेथेच, गुडघाभर पाण्यात, आणि मोठे माणूस पाण्यात उभे असतानाच मुलांनी उतरावे. बंद पडलेल्या चिरेखाणींतले आणि खनिज खाणींतले हिरवेगार पाणी कितीही मोहक दिसले तरी त्याच्या काठालाही जाऊ नये. तेथे उथळ भाग नसतो, पहिल्याच पावलाला तळ सुटतो.

पुण्याचा दादा

मीच तो हट्टी भाऊ. बहिणीने दुवा पाठवला म्हणून येथे आलो.

माकडतापाविषयी मला खरोखरच माहिती नव्हती, त्याबद्दल वाटाड्यांचे आभार. रानातल्या पायवाटांचा विषय माझ्यापुरता संपला. उन्हाचे मात्र मला नीट समजलेले नाही. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा 38 ते 40 अंशांपर्यंत जातो आणि आम्ही सकाळी दहापर्यंत टेकडीवर असतो. माझा मुलगा माझ्याबरोबर असतो आणि त्याला कधी त्रास झालेला नाही. गोव्याचे मे महिन्याचे कमाल तापमान 33-34 अंश असते. मग साडेआठलाच बांध सोडून सावलीत पळण्याइतके काय बिघडते? मी वाद घालण्यासाठी विचारत नाही, कारण कळले तर मुलांना समजावणे सोपे जाईल.

बालवैद्य, मडगाव

दादा, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि पुण्याहून, नागपूरहून येणारे बहुतेक पालक तो मनात ठेवूनच येतात.

शरीर थंड होते ते घाम आल्यामुळे नव्हे, तर आलेला घाम वाळल्यामुळे. पुण्याची उन्हाळी हवा कोरडी असते, घाम त्वचेवर फार वेळ थांबत नाही आणि जाताना उष्णता घेऊन जातो. गोव्यात मे महिन्यात हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे घाम निथळतो, कपडे भिजतात, पण गारवा मिळत नाही. निथळून जमिनीवर पडलेला घाम म्हणजे शरीरातून गेलेले पाणी आणि मीठ. त्याचा उपयोग शून्य. म्हणूनच 33 अंशांच्या दमट हवेत सायकल चालवणारा मुलगा 38 अंशांच्या कोरड्या हवेतल्या मुलापेक्षा लवकर तापू शकतो. भारतीय हवामान खात्याचा निकषही हाच फरक ओळखतो: मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार 40 अंशांपासून होतो, किनारपट्टीवर मात्र कमाल तापमान 37 अंश किंवा अधिक आणि सरासरीहून किमान 4.5 अंशांनी वाढलेले असले की लाट धरतात. मार्च 2023 मध्ये असा इशारा आला तेव्हा गोव्यातील शाळा दुपार होण्याआधी सोडण्यात आल्या होत्या.

त्यात मुलांचे शरीर वेगळे वागते. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, म्हणून बाहेरची हवा आणि तापलेला खडक यांची उष्णता ती लवकर शोषतात. घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खेळाच्या भरात ती थांबत नाहीत, मामा-काका पाहत असतील तर मुळीच नाही. नव्या हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तुमची सुटी बहुधा तेवढी नसेल, त्यामुळे पहिले दोन दिवस सायकलीच काढू नयेत आणि तिसऱ्या दिवशी अर्धा तासच चालवावी, असे मी सुचवीन.

वेळेचे गणित सूर्यावरून करा. मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्योदय सहाच्या सुमारास होतो. पाऊण तास आधी उठवून, काहीतरी हलके खायला घालून, सूर्य उगवताना सायकलवर बसलेले असावे आणि साडेआठला शेवटचे पेडल मारून झालेले असावे. महिन्याच्या सुरुवातीला गोव्यात मध्यान्हीचा सूर्य अगदी माथ्यावर येतो, त्यामुळे सकाळी सातला रस्त्यावर पडणारी झाडाची लांब सावली दहाला बरीच आखूड झालेली असते. सकाळी पाहून ठेवलेला सावलीचा रस्ता परतताना तसा राहत नाही. संध्याकाळी पाचनंतर निघण्याला हरकत नाही, पण जांभ्या दगडाचा सडा (उघडे पठार) तोवर उष्णता सोडत असतो, म्हणून संध्याकाळसाठी नदीकाठ किंवा कुळागर निवडा.

पाणी तहान लागल्यावर देऊ नका. या वयाच्या मुलांना सायकल चालवताना दर वीस मिनिटांनी साधारण 100 ते 250 मिलिलीटर पाणी द्यावे, आणि तासाहून जास्त वेळ चालवणार असाल तर मधल्या एका थांब्यावर लिंबू-मीठ-साखरेचे सरबत किंवा कोकमाचे सरबत चालते. जलसंजीवनीची पुडी वापरायची झाल्यास तिच्यावर लिहिलेल्या मापाने, म्हणजे मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकणे मुलांसाठी धोक्याचे ठरू शकते. खोक्यातली गोड फळपेये हा तिला पर्याय नव्हे.

मूल चिडचिड करू लागले, गप्प झाले, डोके दुखते किंवा मळमळते म्हणाले, तर तो कंटाळा समजू नका. तेथेच थांबा, सावलीत न्या, हेल्मेट आणि बूट काढा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. दहा-पंधरा मिनिटांत मूल हुशार झाले नाही, उलटी होऊ लागली किंवा असंबद्ध बोलू लागले तर 108 ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंग ओले ठेवून वारा घालणे थांबवू नका. आपल्याबरोबर गाडी आहे ही मोठी जमेची बाजू आहे. ती नेहमी मुलांपासून दहा मिनिटांच्या आत असावी.

आजींचाही विचार करा. देवळाच्या मंडपात सावली असली तरी वारा असतोच असे नाही, आणि वयस्कर माणसांना तहान उशिरा कळते. त्यांच्याजवळ पाण्याची वेगळी बाटली आणि हातपंखा ठेवावा.

गिअरवाला, म्हापसा

सायकलींविषयी कोणीच बोलले नाही म्हणून थोडक्यात लिहितो.

पुण्याहून मुलांच्या सायकली आणणार असाल तर उत्तम, कारण भाड्याने मिळणाऱ्या सायकलींमध्ये मोठ्यांचे माप सहज मिळते, मुलांचे मिळेलच असे नाही. आठ वर्षांच्या मुलीला उंचीप्रमाणे 20 किंवा 24 इंची चाक लागेल; पुढच्या वर्षी उपयोगी पडेल म्हणून मोठी सायकल देणे बांधावर महागात पडते. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. ब्रेकची मूठ तिच्या बोटांना पोहोचते का ते पाहा. बहुतेक मुठींवर एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की मूठ हॅंडलजवळ येते, पण विकत घेतल्यापासून तो कोणी फिरवलेलाच नसतो.

जांभ्याच्या रस्त्यावर सुटी गोल खडी असते आणि तिच्यावरून वळताना सायकल अशी निसटते की ओट्यावर सांडलेल्या साबुदाण्यावर पाय पडावा. पुण्याच्या मुरुमाची सवय असलेल्यांनी पहिल्या दिवशी वळणे सावकाश घ्यावीत आणि ब्रेक वळणात न मारता वळणाच्या आधी मारावा. टायरमधली हवा डांबरी रस्त्यासाठी भरतो त्यापेक्षा कमी ठेवा. ट्यूब असलेल्या जाड टायरला मोठ्या माणसासाठी 30 पीएसआयच्या आसपास पुरते, मुलांना 20 ते 25. लाल धूळ चेनवरील पातळ तेलात कालवली गेली की गिअर खरवडू लागते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर चेन कोरड्या फडक्याने पुसावी. गाडीच्या मागे सायकल-कॅरियर लावत असाल तर नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत ना, ते पाहून घ्या.

फोंड्याची सायकलवाली

सर्वांचे मनापासून आभार. दादाशी फोनवर बोलणे झाले आणि डॉक्टरांच्या उत्तरानंतर त्याने "बरं, तू सांगशील तसं" एवढे म्हटले, जे आमच्या घरात क्वचित ऐकू येते.

सध्या असे ठरवते आहे. पहिले दोन दिवस सायकली भिंतीला टेकलेल्या राहतील. तिसऱ्या दिवशी सकाळी सावईवेऱ्याच्या कुळागरांत अर्धा तास. तेथे पोफळींची दाट सावली आणि पाटाचे वाहते पाणी आहे, आईला अनंताच्या देवळात बसवता येईल आणि घर जवळ असल्यामुळे कोणी कुरकुर केली तर लगेच परतता येईल. ते जमले तर पुढे एका दिवसाआड दिवाडी-नार्वे, आणि निघण्याच्या आधी ब्रह्मकरमळी. त्या दिवशी दादा आणि मी वाळपईहून सायकलींवर जाऊ, बाकी सगळी मंडळी गाडीने येतील, आणि मुलांना फक्त देवळाजवळच्या रस्त्यावर सायकल मिळेल.

एक शंका राहिली. मुलांसह पाच सायकली आणि एक गाडी फेरीबोटीत एकाच खेपेला घेतात का, आणि मुलांना उतारावरून बोटीत सायकल चालवत नेऊ द्यावी का?

खाजनकाठ

सकाळी सहाच्या सुमारास जुन्या गोव्याकडून दिवाडीला जाणाऱ्या बोटीला गर्दी कमी असते, कारण कामावर जाणारी माणसे उलट दिशेने येतात. पाच सायकलींना जागा मिळायला अडचण येऊ नये. परतीच्या किंवा नार्व्याच्या खेपेत गाडीला थांबावे लागले तर सायकली आधी पलीकडे न्या, पण एक मोठे माणूस मुलांबरोबर ठेवा. दोन्ही फेरींच्या वेळा आदल्या दिवशी नदी परिवहन खात्याकडे विचारून घ्याव्यात.

उतारावरून सायकल चालवत मुळीच नेऊ देऊ नका. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा खालचा भाग उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असते. तेथे मोठ्यांच्याही सायकली आडव्या होतात. सगळ्यांनी उतरून, सायकल नदीच्या बाजूला न ठेवता आतल्या बाजूला धरून चालत जावे, आणि मुलांना गाड्यांच्या पुढे की मागे ठेवायचे ते बोटीवरचा खलाशी सांगेल तसे करावे. बोटीत सायकली कठड्याला टेकवून दोन सायकलींमागे एक मोठे माणूस उभे राहिले की पुरे. पार करायला काही मिनिटेच लागतात. भाचीच्या सायकलला स्टँड नसेल तर ती दादांनी धरावी.